बोलकी तार

सकाळी सकाळी स्वयंपाकघरात तोंडं वाजायला लागली की समजायचं, आजचा दिवस काही धड जात नाही. त्या दिवशी तर चहाला उकळी फुटायच्या आधीच आईला फुटली होती.

“हे यंत्र तरी काढ माझ्या दंडावरचं, नाहीतर मला तरी काढ या घरातून,” आई म्हणाली. “दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच बोंब मारायला लागतं. साखर कमी झाली, साखर कमी झाली! उठून बोट टोचून बघावं, तर साखर आपली जागच्या जागी. चार दिवस झाले, रोज हाच तमाशा. झोपेचं पार खोबरं झालंय माझ्या.”

लेक एका हातानं डबा भरत होती, दुसऱ्या हातानं केस बांधत होती आणि डोळ्यांनी घड्याळ बघत होती. ही लेक म्हणजे तारवाली. नाव तिला आईबापांनी चांगलं ठेवलेलं होतं, पण कामाच्या ठिकाणी ते कुणाला आठवतही नसे. केसाहून बारीक तारांचे सेन्सर करायचे, ते उंदरांच्या मेंदूत बसवायचे आणि जित्याजागत्या, हिंडत्याफिरत्या उंदराच्या डोक्यात साखर किती आहे ते मोजत बसायचं, हा तिचा धंदा. तेव्हा तिला तारवाली म्हणणार नाहीत तर काय म्हणतील?

आणि आईच्या दंडावरचं यंत्रही तिनंच आणलेलं. आईला मधुमेह जुना, रोजचं इन्शुलिन ठरलेलं. वडील गेल्यापासून घरात दोघीच. लेक कामावर गेली की आई दिवसभर एकटी. म्हणून डाव्या दंडावर ही चकती चिकटवलेली. आतमध्ये एक बारीक तार, आणि आकडा थेट दोघींच्या फोनवर.

“आई, किती वेळा सांगू? तू झोपतेस डाव्या कुशीवर. चकती डाव्या दंडावर. तुझा सगळा भार तिच्यावर येतो, तिथलं रक्त दबतं, तारेपाशी साखर पोचत नाही. तिला वाटतं, संपली साखर. ती खोटं बोलत नाही गं, तिचा गैरसमज होतो.”

“गैरसमज तिचा आणि झोपमोड माझी! वा रे न्याय.”

तारवालीला हसू आलं. मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली. तिनं फोनवर चार दिवसांचे आलेख काढून आईच्या नाकासमोर धरले. “हे बघ. दबलं की रेघ अशी कड्यावरून ढकलल्यासारखी धाडकन पडते आणि तू कूस बदललीस की तशीच वर येते. खरोखर साखर उतरली ना, तर रेघ अशी पडत नाही. ती घसरगुंडीवरून उतरते, हळूहळू. कडा म्हणजे खोटं, घसरगुंडी म्हणजे खरं. समजलं?”

“मला काय करायचंय कडा नि घसरगुंडी! मला झोप पाहिजे.”

“बरं बाई, घे.” तारवालीनं आईच्या फोनवरची कमी साखरेची घंटा बंद करून टाकली. “पुढच्या आठवड्यात नवी चकती उजव्या दंडावर लावू. तोवर दुपारी झोप निवांत. माझ्या फोनवर सगळं दिसतंच आहे की. मी आहे ना!”

“तू आहेस, पण कुठं आहेस? त्या उंदरांपाशी,” आई म्हणाली, पण आवाज उतरला होता. घंटा बंद झाली म्हटल्यावर तिनं फोन जो उचलला तो सरळ पोळपाटाच्या मागे नेऊन ठेवला. जागेपणीसुद्धा तिला तो डोळ्यांसमोर नको असे.

दारात चपला पायात सरकवता सरकवता तारवाली आणखी दोन-चार गोष्टी बोलली. गॅस बघ. इंजेक्शन घेतलंस की लगेच जेव. दुधवाला आला तर उद्या नको म्हणून सांग. आणि जमलं तर उजव्या कुशीवर झोप, पाठीशी उशी लाव म्हणजे कलंडायची नाहीस.

“उजवा खांदा दुखतो माझा,” आतून आई ओरडली. जन्मभर लोकांचे कपडे शिवून तो खांदा आखडला होता.

“मग सवय कर!” असं म्हणून तारवालीनं दार ओढलं, आणि लिफ्ट खाली पोचेपर्यंत यातलं निम्मं ती विसरूनही गेली. डोक्यात एकच भुंगा होता, रुसके मामा.

आता हे मामा कोण, ते सांगायला हवं. उंदीर म्हटला की तो मामाच. प्रयोगशाळेतल्या उंदरांना क्रमांक होते, पण क्रमांकानं हाक मारायला कुणाची जीभ वळते? त्यामुळे थोरले मामा, खादाड मामा, पळपुटे मामा अशी सगळी मामेमंडळी तळमजल्यावरच्या त्या थंड खोलीत नांदत होती. रुसके मामा त्यातले सगळ्यांत शहाणे. डोक्यावर ऑपरेशन झाल्या दिवसापासून कुणी पिंजऱ्याशी आलं की पाठ फिरवून कोपऱ्यात बसत, म्हणून रुसके. पण भुलभुलैयाच्या वाटांवर सोडले की मात्र पहिल्या फटक्यात खाऊपर्यंत पोचणारे. त्यांच्या मेंदूत तारवालीनं दोन तारा बसवल्या होत्या, आणि डोक्यावर टोपीसारखं एक छोटं यंत्र. तारांचा आकडा त्या टोपीतून हवेतून थेट पडद्यावर यायचा.

दोन तारा कशाला? तर एक बोलकी आणि एक मुकी. बोलक्या तारेच्या टोकाला एक एन्झाइम माखलेलं असतं. साखर तिथं पोचली की ते तिला पकडतं आणि तारेतून नखाएवढीही नाही इतकी वीज वाहते. साखर जास्त तर वीज जास्त. मुकी तार दिसायला जुळी बहीण, पण टोकाला एन्झाइम नाही, म्हणून तिला साखरेचं सोयरसुतक नाही. उंदरानं डोकं झटकलं, टोपी आपटली, की दोघीही दचकतात. तेव्हा दोघी दचकल्या तर गडबड बाहेरची. एकटी बोलकी खाली गेली तर दोनच अर्थ. एकतर मेंदूतली साखर खरंच उतरलीय, नाहीतर एन्झाइम मेलंय.

रुसक्या मामांची बोलकी तार काल संध्याकाळपासून खाली खाली चालली होती. मुकी जागच्या जागी.

तारवाली खोलीत शिरली, अॅप्रन चढवला आणि आधी पडद्याशी गेली. रात्रीतून रेघ आणखी उतरलेली. इतकी खाली तिनं आजवर एकाही मामाची पाहिली नव्हती. ही तारांची खेप तिनं स्वतःच्या हातानं माखलेली, आणि त्या दिवसांत खोलीतलं वातानुकूलन रुसलं होतं. तेव्हापासूनच तिला धाकधूक होती की एन्झाइम नीट बसलं नाही. म्हणजे झालं तर. महिन्याची मेहनत पाण्यात.

एवढ्यात सरांचा फोन. सर म्हणजे या प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस चांगला, पण पाहुणे येणार म्हटले की अंगात वारं शिरायचं.

“संध्याकाळी मंडळी येताहेत. रुसक्याचा आलेख तयार आहे ना?”

“सर, तार गेली असं वाटतंय.”

“वाटतंय की गेलीय?”

“गेलीय,” तारवाली म्हणाली. शब्द तोंडातून निसटला आणि तोच तिला पटला. माणसाचं असंच असतं. आधी बोलतो आणि मग बोललेल्याला चिकटून बसतो.

“मग थोरल्याला घ्या. आणि रुसक्याची तार काढून तपासा, का गेली ते कळू दे.”

तार काढून तपासायची म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. जिवंत मेंदूतून ती धड निघत नाही. तेव्हा आधी मामांना शेवटचं इंजेक्शन द्यायचं, मग तार काढायची. ते इंजेक्शन द्यायचा अधिकार फक्त जनावरांच्या डॉक्टरणीचा. तारवालीनं तिला निरोप पाठवला आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. बसावं तर बसवेना. थोरल्या मामांची टोपी तपासावी तर हात वळेना, रुसक्यांच्या पिंजऱ्याकडे बघावं तर बघवेना. जीव लावायचा नाही, लावायचा नाही असं किती घोकलं तरी तो लागतोच, त्याला कोण काय करणार?

डॉक्टरीणबाई दुसऱ्या इमारतीत कसल्याशा बैठकीत अडकलेल्या. सकाळ तशीच गेली. दुपार व्हायला आली तेव्हा अॅप्रनच्या खिशात फोन थरथरला. उंदरांच्या खोलीत आवाज चालत नाही, म्हणून फोन मुका करून ठेवलेला. तिनं बघितलं. आईची रेघ खाली चालली होती.

“झाली वाटतं आडवी,” ती पुटपुटली. घड्याळ बघितलं. रोजच्यापेक्षा जरा लवकरच. जेवली की लगेच लवंडली असेल. तिनं फोन परत खिशात टाकला.

खरं सांगायचं तर तिनं ती रेघ नीट पाहिली होती. रेघ कड्यावरून पडली नव्हती, हळूहळू घसरत होती. सकाळी आईला जे नाक वर करून शिकवलं, तेच समोर होतं. पण डोळ्यांनी पाहिलं तरी मन जाग्यावर असावं लागतं ना! मन होतं मेलेल्या एन्झाइमपाशी.

पुन्हा फोन थरथरला. आणखी खाली, आणि आकड्याशेजारचा बाण जमिनीकडे. तिनं आईला फोन लावला. वाजला, वाजला आणि थांबला. “पोळपाटाच्या मागे कुणाला ऐकू येणार?” ती स्वतःशीच चिडून म्हणाली. “आणि उठवलं तर पुन्हा माझ्याच नावानं शंख करेल.” आत कुठंतरी कुसळ टोचल्यासारखं झालं, पण तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई हातात ट्रे घेऊन आत आल्या.

या बाई तारवालीहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. बोलणं फटकळ, हात मऊ. खोलीच्या दारावर जाड अक्षरात पाटी लावलेली होती, ‘आधी जनावर, मग आकडा’. ती यांचीच. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला तारवाली ती पाटी वाचून दाखवायची आणि वर भाषणही द्यायची.

“कुठंय तुझा मेलेला सेन्सर?” बाईंनी विचारलं.

तारवालीनं पडदा दाखवला. बोलकी अशी, मुकी तशी, खेप कच्ची, हवा दमट, सगळं एका दमात सांगितलं. बाईंनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या पिंजऱ्यापाशी उकिडव्या बसल्या.

“आज यानं पाठ नाही फिरवली,” त्या म्हणाल्या.

तारवालीनं वाकून बघितलं. रुसके मामा कोपऱ्यात होते, पण तोंड दाराकडेच. डोळे अर्धे मिटलेले. बाईंनी हात घालून त्यांना उचललं तर ना हातपाय झाडले, ना चावले. मऊ लोळागोळा.

“गार पडलाय अगं हा! कधी खाल्लं यानं?”

“खायला आहे की, भांडं भरलेलं आहे.”

“तेच म्हणतेय मी. भरलेलं आहे.”

तारवाली भांड्याकडे बघत राहिली. पिंजऱ्याच्या छताला टांगलेलं जाळीचं भांडं, गोळ्यांनी काठोकाठ. रोज खाणं घालणारा माणूस बघून जायचा, भरलेलं आहे ना, मग झालं.

“पण वजन? वजन तर काल संध्याकाळी केलं मी. तेवढंच भरलं.”

बाईंनी मामांच्या डोक्यावरची टोपी बोटानं हलकेच चाचपली. “ही टोपी नवी ना?”

“परवा बदलली. जुनीची बॅटरी टिकत नव्हती, ही जरा मोठी...” तारवालीचं वाक्य तिथंच तुटलं.

टोपी जरा मोठी, म्हणजे जरा जड. टोपीनं जेवढं वजन वाढवलं, तेवढंच मांस मामांच्या अंगावरून झडलं होतं. आकडा तस्साच. आणि जरा मोठी म्हणजे जरा उंच. बाईंनी मामांना भांड्याखाली धरलं. बिचाऱ्यानं मान वर केली, तोच टोपी जाळीला टक्कन अडली. तोंड काही गोळ्यांपर्यंत पोचेना. परवापासून हा जीव भरल्या ताटाखाली उपाशी होता.

“अरे देवा,” तारवाली म्हणाली. “मीच बसवली. या हातांनी.”

“रडणं नंतर. पकड याला.”

बाईंनी खिशातून ग्लुकोजच्या जेलची ट्यूब काढली, थेंबभर बोटावर घेऊन मामांच्या हिरड्यांना चोळलं. मग कातडीखाली साखरपाण्याचं इंजेक्शन दिलं. तारवालीनं मामांना ओंजळीत छातीशी धरलं होतं. त्यांच्या काळजाची फडफड तिच्या तळहाताला लागत होती.

आणि मग पडद्यावर बोलकी तार हलली. आधी जराशी, मग स्पष्ट. रेघ वर निघाली. मुकी जागच्या जागी आणि बोलकी चढतेय, चढतेय. मामांनी डोळे उघडले, मिशा हलवल्या आणि सावकाश, अगदी ठरवून, तारवालीकडे पाठ फिरवली.

“रुसला!” बाई हसल्या. “जगला म्हणून समज.”

तारवालीला हसावं की रडावं कळेना. तार मेलेली नव्हती! तिचं काम चोख होतं. तिनं माखलेलं एन्झाइम जिवंत होतं, आणि ती बिचारी तार काल संध्याकाळपासून एकच गोष्ट सांगत होती, याला उपाशी मारताय, याला उपाशी मारताय. आणि आपण काय म्हणत होतो? तार बिघडली. जे ऐकायचं नाही ते सांगणाऱ्यालाच आपण वेडं ठरवलं.

“सगळी कारणं मला तोंडपाठ, म्हणूनच फसले मी,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, रेघ खाली गेली, उंदराला काहीतरी झालंय. पण मला ठाऊक ना, सेन्सर कशाकशानं फसतो ते!”

खिशात फोन थरथरला.

तो तिनं एका हातानं काढला, बघितला. आकडा नव्हताच. आकड्याच्या जागी नुसता शब्द होता, ‘कमी’. यंत्राला मोजता येईल त्याच्याही खाली. मागची रेघ सगळी दिसत होती. कुठंही कडा नाही. एक लांबलचक घसरगुंडी.

“आई,” ती म्हणाली. आणि फोन बाईंसमोर धरला.

बाईंनी फोन बघितला. घरातलं सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मामांना तिच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि जेलची ट्यूब तिच्या हातात कोंबली. “पळ. गालाच्या आतून लाव. पाणी पाजायचं नाही, ठसका लागेल. पत्ता सांग, मी रुग्णवाहिका बोलावते. अगं पळ की!”

ती पत्ता सांगतच पळाली. अॅप्रनसकट, पायातल्या कागदी मोज्यांसकट. व्हरांडा एका दमात ओलांडला, रस्त्यावर आली, समोर आली ती टॅक्सी अडवली. घर काही लांब नव्हतं, रोज ती चालत यायची. पण त्या दिवशी रस्त्यावरचा एकेक सिग्नल जणू तिचाच वैरी होता.

समोरच्या दारातल्या वहिनींकडे घराची जादा किल्ली असायची. त्यांना फोन लावला तर दुसरीकडे बोलताहेत. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लागला.

“वहिनी, आईला बघा, लवकर, किल्ली...”

“अगो बाई, मी बँकेत आहे गं रांगेत! किल्ली माझ्या पर्समध्ये! काय झालं?”

तिनं फोन ठेवला. पुढच्या सीटच्या पाठीवर ती मुठी आपटत होती. ड्रायव्हर बिचारा आरशातून बघत होता. तो म्हणाला, “ताई, आणखी कुठून काढू? उडता येत नाही मला.”

मी आहे ना, असं म्हणालो होतो आपण. घंटा बंद केली ती आपण. आणि दोनदा खिशात थरथरलं तेव्हा काय केलं? परत खिशात. डाव्या कुशीवर असेल गं आई, डाव्या कुशीवर असू दे, ती मनात म्हणत होती. दंडावर दाबून पड. खोटा असू दे आकडा. एवढ्या एका वेळी माझं बरोबर असू दे.

आपल्या किल्लीनं तिनं दार उघडलं.

“आई!”

स्वयंपाकघरात टेबलावर ताट वाढून झाकून ठेवलेलं. तिनं झाकण उचललं नाही, पण काचेचंच ते, आतलं दिसलं. भरलेलं. एक घासही मोडलेला नाही. शेजारी इंजेक्शनचं पेन, वापरलेलं. म्हणजे इन्शुलिन घेतलं आणि जेवलीच नाही.

ती आतल्या खोलीत धावली.

आई पलंगावर होती. उजव्या कुशीवर. पाठीशी एक उशी घट्ट खोचलेली, तिच्या मागे गुंडाळी केलेली चादर, म्हणजे झोपेत चुकूनसुद्धा डावीकडे कलंडायला नको. डावा हात वरच्या बाजूला, मोकळा, बाही खांद्यापर्यंत सरकवलेली. चकती उघड्यावर. तिला कशाचाही स्पर्श होत नव्हता.

“आई, आई गं!” तारवालीनं तिच्या अंगाला हात लावला. घामानं चिंब आणि गार. हलवलं तर नुसती कण्हली, डोळे उघडेनात. तारवालीनं ट्यूबचं झाकण दातानं काढलं, बोटावर जेल घेतलं आणि आईच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळलं. जरा थांबून पुन्हा थोडं. आईच्या तोंडात बोट घालायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. लहानपणी आपल्या तोंडातून माती काढणारं बोट आईचं होतं. ते आठवलं आणि तिला हुंदका फुटला, पण हात थांबला नाही.

रुग्णवाहिकेची माणसं आली. त्यांनी तिला बाजूला केलं, शीर शोधली, ग्लुकोज सोडलं. तारवाली भिंतीला टेकून उभी राहिली. फोन तिच्या हातात होता, पण तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. ओठांचा रंग, पापण्या, कपाळावरचा घाम. ती फक्त तेवढंच बघत होती.

आधी पापण्या हलल्या. मग भुवया आक्रसल्या, त्या नेहमीच्या चिडक्या आठीसकट. आईनं डोळे उघडले, त्या अनोळखी माणसांकडे बघितलं, हाताला लावलेल्या सुईकडे बघितलं आणि मग लेकीकडे.

“ही कोण माणसं गं? आणि तू अशी कागदाचे मोजे घालून काय उभी आहेस?”

“आई, तू जेवली का नाहीस?” तारवाली तिच्या उशाशी बसली. आवाज रागाचा काढायचा होता, पण तो रडका निघाला. “इंजेक्शन घेतलंस आणि जेवली का नाहीस?”

आईला आठवायला वेळ लागला. जीभ जड झाली होती. “जेवणार होते की. ताट वाढलं. मग म्हटलं, जरा आधी पडून बघावं, उजव्या कुशीवर जमतंय का. तू सांगितलंस ना सकाळी. खांदा दुखत होता, म्हणून उशा लावून बघितल्या... दोन मिनिटं म्हणून पडले. डोळाच लागला बाई.”

एक माणूस म्हणाला, “आजी, बोलू नका फार.” आईनं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. तिनं डाव्या दंडावरची चकती उजव्या हातानं चाचपली, जागेवर आहे ना ते बघितलं, आणि लेकीकडे जरा लाचारीनं, जरा फुशारकीनं बघितलं, लहान पोरानं सांगितलेलं काम करून दाखवावं तसं.

“आज मुळीच नाही झोपले मी तिच्यावर,” ती म्हणाली. “आज तरी नीट आला ना गं तुझा आकडा?”

तारवालीनं आईचा तो हात दोन्ही हातांत धरला.

“हो आई,” ती म्हणाली. “अगदी नीट आला.”